दुसरा आणि चौथा

ज्या शनिवारी बँका बंद असतात
त्या शनिवारी मी उघडतो.
दहा ते एक. मधे जेवणाची सुट्टी नाही.

कोर्टाच्या कागदावर शाल्मलीचं शालमली झालंय.
दुरुस्तीसाठी अर्ज करू या, वकील म्हणाले.
मी म्हटलं, राहू दे,
तेवढ्यासाठी तारीख पुढे जायची.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मी काट्यावर असतो.
गोणीला हात लावून सांगतो, पन्नासला दीड कमी.
नेरूळच्या बागेत, बुटक्या ताजमहालासमोर
तिला सव्वादोन वर्षांनी उचललं
तेव्हा हात आपोआप बोलला:
साडेअठरा.
घरातून गेली तेव्हा पंधरा होती.
साडेतीन किलो माझ्याशिवाय.
कुठल्या डब्यातून आले,
कुठल्या तापात किती उतरले, परत कसे चढले,
याची पावती कुणाकडे मागायची?

खाली ठेवल्यावर तिनं फ्रॉक नीट केला
आणि विचारलं, "तुम्ही पाणी आणलंय का?"

तुम्ही.
बाईंना म्हणतात तसं, वॉचमनला,
लिफ्टमधल्या अनोळखी काकांना.
कुणी शिकवलं नसेल, आपोआप आलं असेल.
जन्मभर मी माझ्या वडिलांना अहोजाहो केलं,
म्हणून मुद्दाम तिला अरेतुरे शिकवलं होतं.
एवढा मान
मला आजवर कुणी दिला नव्हता.
पाणी आणलं नव्हतं.

कोपरखैरण्यात घरतांचं झेरॉक्सचं दुकान आहे.
मंगळवारी आठनंतर ते शटर अर्धं ओढतात,
आत वाकून जावं लागतं.
शहनाज मुल्ला येतात. मुलगा साताऱ्याला,
फोन लावला की सासरे म्हणतात, इथे रेंज नाही.
तीन वर्षं रेंज नाही.
दर ईदला त्याचा कुर्ता शिवतात,
अंदाजानं दोन बोटं वाढवून.
तांडेलांचा पोरगा सोळाचा, स्वतःच नको म्हणतो.
ते काही बोलत नाहीत, सगळ्यांना चहा आणतात.
घरतांचा मुलगा आता तिशीचा असेल.
पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

ते कागदांच्या प्रती फुकट काढतात आणि सांगत राहतात,
मोठं खेळणं नेऊ नका, घरी नेऊन ठेवायचं कुठे
हा तिच्या जिवाला घोर.
आईबद्दल विचारू नका. ती बोलली तर नुसतं हूं म्हणा.
बूट बघा, अंगठा टेकत असेल तर नंबर लिहून ठेवा.
पाच मिनिटं आधीच सोडा,
तिला घड्याळ बघायची पाळी येऊ नये.
आणि रडायचं तर इथे रडा,
मी मशीन चालू करतो.

अकराव्या शनिवारी ती सी-सॉवर बसली
आणि समोरच्या टोकाकडे बोट केलं.
मी बसलो. ती वर गेली ती वरच राहिली,
पाय लोंबकळत, खाली बहात्तर किलोंचा मी.
वीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस
जमिनीला टेकून नुसता बघत होतो,
गेटाबाहेर स्कूटरवर तिची आई, हेल्मेट न काढता.
"अरे पुढे सरक ना बाबा!
तुला साधं एवढंही कळत नाही?"

मी सरकलो. मधल्या खिट्टीकडे, तिच्याकडे,
अजून थोडा,
फळी हलली.
ऐकलंच नाही असं दाखवलं.
असल्या शब्दाकडे वळून पाहिलं की तो उडतो.

मंगळवारी सांगायचं म्हणून लवकर गेलो.
माझ्या स्टुलावर कुणी नवा बसला होता,
शर्टाची इस्त्री मोडलेली नाही,
मांडीवर त्याच्या छातीएवढं अस्वल,
कानाला किमतीची चिठ्ठी.
चौथ्या शनिवारी पहिली भेट, तो म्हणाला,
आणि पुढे त्याला बोलता येईना.

मी माझं राहू दिलं.
घरतांचा हात बटणाकडे गेला,
मशीन कोऱ्या कागदांच्या कोऱ्या प्रती काढू लागलं.
जरा वेळानं मी विचारलं,
पायाचा नंबर ठाऊक आहे का तिच्या?